माटियास सिंडेलार: व्हिएन्नाचा ‘कागदी’ सेंटर फॉरवर्ड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या युरोपियन फुटबॉलबद्दल बोलणं निघालं की ऑस्ट्रियाच्या माटियास सिंडेलारचं नाव येतंच. बहुतेकांना त्याची एकच गोष्ट माहीत असते: 1938 साली नाझींसमोर गोल करून तो नाचला आणि दहा महिन्यांत संशयास्पद रीतीने मेला. ही गोष्ट इतकी सांगितली गेली आहे की तो माणूस मैदानावर नेमकं काय करायचा, हे मागे पडलं. म्हणून इथे खेळाला जास्त जागा दिली आहे. शेवटच्या वर्षाबद्दलचे प्रश्नही टाळलेले नाहीत.

सिंडेलार मूळचा कुठला?

जन्म 10 फेब्रुवारी 1903, मोराव्हियातल्या कोझलोव्ह गावचा. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे, तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होतं. घरची भाषा चेक. तो अगदी लहान असताना कुटुंब व्हिएन्नाला आलं आणि फावोरिटेन या कामगार वस्तीत राहू लागलं. त्या भागात मोठमोठ्या वीटभट्ट्या होत्या आणि त्यांत राबणारे बहुतेक लोक बोहेमिया-मोराव्हियातून पोटासाठी आलेले. वडील गवंडीकाम करत. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, इसोन्झोच्या आघाडीवर ते मारले गेले. आईने लोकांचे कपडे धुऊन माटियासला आणि त्याच्या बहिणींना वाढवलं. पोराने कुलूप-लोखंडकामाची उमेदवारी धरली.

फुटबॉल तो गल्लीत शिकला, चिंध्यांच्या चेंडूवर. असा चेंडू उसळत नाही आणि लांब जातही नाही, त्यामुळे तो पायाजवळ ठेवावा लागतो आणि छोट्या जागेतून काढावा लागतो. फावोरिटेनच्या त्या मोकळ्या, खडबडीत पटांगणांवरून त्या पिढीचे किती तरी खेळाडू पुढे आले आणि जवळजवळ सगळ्यांच्या खेळात ही खूण दिसते.

तो कोणत्या क्लबांकडून खेळला?

फक्त दोन. आधी वस्तीतलाच हेर्था व्हिएन्ना, जिथे तो 1918 साली पोरगेलेसा असताना गेला. मग 1924 पासून मरेपर्यंत एकच क्लब. तेव्हा त्याचं नाव ‘अमाटॉयरे’, म्हणजे ‘हौशी’, असं होतं, 1926 मध्ये ते ‘ऑस्ट्रिया व्हिएन्ना’ झालं. नाव बदलण्याचं कारण सरळ होतं. 1924 मध्ये व्हिएन्नात युरोप खंडातली पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली होती आणि पगारी खेळाडूंच्या क्लबाने स्वतःला हौशी म्हणवून घेणं विचित्र दिसत होतं.

हा क्लब शहराच्या मध्यमवर्गाचा, कॉफीहाउसवाल्यांचा. पदाधिकाऱ्यांत आणि पाठीराख्यांत ज्यू मंडळी बरीच. कामगारांचा लाडका क्लब म्हणजे रापिड. फावोरिटेनचा गवंड्याचा मुलगा रापिडमध्ये न जाता इथे आला आणि सगळ्या शहराचा झाला, याचं मला नेहमीच अप्रूप वाटतं.

त्याने काय काय जिंकलं?

लीगचं विजेतेपद एकदाच, 1926 मध्ये. ऑस्ट्रियन कप पाच वेळा: 1925, 1926, 1933, 1935 आणि 1936. लीगमध्ये सातत्य नसलेला, पण बाद पद्धतीच्या स्पर्धेत भल्याभल्यांना गारद करणारा असा हा संघ होता.

खरी मोठी कमाई मित्रोपा कपची, दोन वेळा, 1933 आणि 1936. मध्य युरोपातल्या देशांचे अव्वल क्लब यात उतरत. आजच्या चॅम्पियन्स लीगचा पूर्वज म्हणावी अशी ही स्पर्धा. 1933 ची अंतिम लढत दोन सामन्यांची होती, समोर मिलानचा अँब्रोसियाना-इंटर, म्हणजे इटलीचा गाजलेला फॉरवर्ड जुझेप्पे मेआत्सा याचा संघ. मिलानमध्ये ऑस्ट्रिया व्हिएन्ना 1-2 असा हरला. परतीचा सामना 8 सप्टेंबरला व्हिएन्नाच्या प्राटर स्टेडियमवर झाला. तो 3-1 असा जिंकला आणि तिन्ही गोल सिंडेलारचे. त्याच्या क्लब कारकिर्दीतला एकच दिवस बघायला मिळणार असेल, तर मी हा मागेन. 1936 ला प्राग शहराच्या स्पार्टाविरुद्ध घरी 0-0 आणि तिकडे 1-0 अशी सरशी झाली.

राष्ट्रीय संघाकडून तो 43 सामने खेळला आणि 26 गोल केले. काही याद्यांमध्ये हा आकडा 27 दिसतो.

‘कागदी’ हे नाव का पडलं?

अंगकाठीवरून. उंच, शिडशिडीत, चेहरा ओढलेला. बचावपटूंच्या मधून वाऱ्यावरच्या कागदासारखा सरकतो म्हणून व्हिएन्नाकर त्याला असं म्हणू लागले.

या शैलीमागे एक दुखापतही आहे. 1923 मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याची गादी फाटली. त्या काळी अशी इजा म्हणजे फुटबॉल संपल्यातच जमा. हान्स श्पिट्झी या नामांकित अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली. तेव्हापासून सिंडेलार त्या गुडघ्याला पट्टी बांधूनच उतरायचा, जुन्या फोटोंत ती स्पष्ट दिसते. धक्काबुक्की टाळणं ही त्याची गरज झाली. अंगावर येणाऱ्या बचावपटूला टक्कर द्यायची नाही, तो पोचायच्या आधी चेंडू हलवायचा आणि स्वतः बाजूला व्हायचं. गर्दीच्या बसमध्ये कुणालाही कोपर न लावता दारापर्यंत पोचणारी माणसं असतात, तसा तो पेनल्टी क्षेत्रात शिरायचा.

तो सेंटर फॉरवर्ड होता, मग गोल मोजकेच कसे?

43 सामन्यांत 26 गोल मोजकेच म्हणता येणार नाहीत, पण प्रश्न रास्त आहे. त्याच काळातला त्याचा देशबांधव योझेफ बिकान गोलांचे ढीग घालत होता. सिंडेलारची गणना त्या जातीत होत नाही.

तेव्हा सगळे संघ 2-3-5 रचनेत खेळत: मागे दोन बचावपटू, मधे तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. पाचांतला मधला तो सेंटर फॉरवर्ड. इंग्लंडमध्ये या जागेसाठी धिप्पाड गडी निवडत. उंच चेंडूवर झडप घालणारा, गोलरक्षकाला खांदा देणारा. ऑफसाइडचा नियम 1925 मध्ये सैल झाला. आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी पुरेसे झाले, आणि असा तगडा फॉरवर्ड आणखीनच फायद्याचा ठरला. त्याला आवरायला इंग्लिश क्लबांनी सेंटर हाफला मागे ओढून तिसरा बचावपटू केलं.

सिंडेलार याच्या अगदी उलट वागला. तो आपली जागा सोडून मागे यायचा, मधल्या फळीत चेंडू घ्यायचा. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या सेंटर हाफसमोर दोनच वाटा उरत. पाठोपाठ जावं तर मागे खिंडार पडतं. जागेवर थांबावं तर सिंडेलारला वळायला आणि बघायला वेळ मिळतो. तो वळला की इनसाइड फॉरवर्ड अँटोन शाल किंवा विंगवरचा कार्ल झिशेक त्या खिंडारात पळालेला असायचा. वीस वर्षांनी हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटीने वेम्बलीवर याच युक्तीने इंग्लंडला हैराण केलं, तेव्हा जगाने तिला नवीन म्हटलं. पुढे ‘फॉल्स नाइन’ म्हणून तिचं कौतुक झालं. व्हिएन्नाच्या प्रेक्षकांनी ती 1931 मध्येच पाहिली होती.

त्यामुळे त्याचं मोठेपण गोलांच्या रकान्यात अर्धंच दिसतं. बाकीचं अर्धं शालच्या, झिशेकच्या आणि त्याच फळीतल्या फोगलच्या नावावर जमा आहे.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक हुगो माइझल यांनी त्याला आधी संघाबाहेर ठेवलं होतं, हे खरं का?

हो. पदार्पण झकास झालं होतं. 28 सप्टेंबर 1926, प्राग, चेकोस्लोव्हाकियावर 2-1 असा विजय आणि सिंडेलारचा एक गोल. पण जानेवारी 1929 मध्ये न्यूरेम्बर्गला, बर्फात, ऑस्ट्रियाचा संघ दक्षिण जर्मनीच्या निवडक संघाकडून 5-0 असा आपटला. अशा मैदानावरही सिंडेलार आणि फ्रिट्झ ग्श्वाइडल छोटे छोटे पास खेळत बसले, यावर माइझल चिडले, असं सांगतात. त्यानंतर तो बराच काळ बाहेर होता.

परतीची गोष्ट रिंग कॅफेमधली आहे. व्हिएन्नात फुटबॉलची खरी संसद कॉफीहाउसमध्ये भरायची. पत्रकार, खेळाडू, वकील, रिकामटेकडे, सगळे संघनिवडीवर तावातावाने भांडत. माइझल स्वतः तिथले रोजचे गिऱ्हाईक. सिंडेलारला घ्या म्हणून सगळे मागे लागले, तेव्हा त्यांनी अकरा नावांचा कागद टेबलावर टाकला आणि ‘घ्या तुमचा संघ’ म्हणून निघून गेले, अशी ही दंतकथा. शब्द न् शब्द असंच घडलं असेल असं नाही, पण मे 1931 मध्ये सिंडेलार संघात आला ही नोंद पक्की आहे.

‘वुंडरटीम’ म्हणजे नेमकं काय?

‘वुंडरटीम’ म्हणजे ‘चमत्कारी संघ’, त्या काळच्या ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाला पडलेलं नाव. 16 मे 1931 रोजी व्हिएन्नाच्या होहे वार्टे मैदानावर ऑस्ट्रियाने स्कॉटलंडला 5-0 असं धुतलं. स्कॉटलंड म्हणजे पासिंगचा खेळ ज्यांनी जगाला शिकवला ते गुरुजी. युरोप खंडातल्या संघाकडून ते तोवर कधीच हरले नव्हते. त्यांच्या संघात रेंजर्स आणि सेल्टिक या तिथल्या बड्या क्लबांचे खेळाडू नव्हते, हेही सांगायला हवं. तरी पाच गोल म्हणजे पाच गोल. पुढच्या फळीतले पाचजण होते झिशेक, ग्श्वाइडल, सिंडेलार, शाल आणि फोगल. आजही जुन्या व्हिएन्नाकरांच्या घरांत ही पाच नावं याच क्रमाने, एका दमात म्हटली जातात.

आठच दिवसांनी बर्लिनमध्ये जर्मनीवर 6-0. सप्टेंबरमध्ये व्हिएन्नात पुन्हा जर्मनी, 5-0, त्यात सिंडेलारची हॅटट्रिक. नोव्हेंबरमध्ये बाझेलला स्वित्झर्लंडवर 8-1. मार्च 1932 मध्ये इटलीवर 2-1, दोन्ही गोल सिंडेलारचे. एप्रिलमध्ये हंगेरीवर 8-2, शालचे चार, सिंडेलारचे तीन. एप्रिल 1931 ते डिसेंबर 1932 या काळात हा संघ सलग 14 सामने हरला नाही. मध्य युरोपातल्या राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय चषक स्पर्धाही याच काळात त्यांनी जिंकली.

आठवणीत ठेवण्यासारखी एक गोष्ट: साम्राज्य कोसळून उरलेला हा छोटा देश तेव्हा मंदीत होरपळत होता. मे 1931 मध्येच तिथली सगळ्यात मोठी बँक, क्रेडिटआन्स्टाल्ट, बुडाली. म्हणजे स्कॉटलंडवरचा विजय आणि ही बातमी एकाच महिन्यातल्या. कामाविना बसलेली माणसं रविवारी मैदानावर काय शोधत होती, हे यावरून कळतं.

मग इंग्लंडविरुद्धचा पराभव एवढा गाजतो का?

कारण त्या पराभवाने त्यांचं नाव जगभर झालं. 7 डिसेंबर 1932, लंडन, स्टॅमफर्ड ब्रिज. इंग्लंड तोवर मायदेशात खंडातल्या कुठल्याही संघाकडून हरलेलं नव्हतं. माइझल यांनी तयारीसाठी त्यांचे जुने इंग्रज स्नेही, प्रशिक्षक जिमी होगन यांना बोलावून घेतलं होतं.

सुरुवातीला ऑस्ट्रियन बुजले. मध्यंतराला इंग्लंड 2-0 असं पुढे होतं, दोन्ही गोल जिमी हॅम्पसनचे. उत्तरार्धात रंग पालटला. झिशेकने एक परतवला, इंग्लंडने तिसरा केला. मग सामना संपायला दहाएक मिनिटं असताना सिंडेलारचा तो गोल झाला. चेंडू पायाशी घेऊन तो इंग्लिश बचावातून वाट काढत गेला आणि थंडपणे जाळ्यात ठेवून मोकळा झाला. बेल्जियमचे पंच जॉन लँगेनुस हे त्या काळचे सर्वांत नावाजलेले पंच, त्यांनीही नंतर या गोलाचं भरभरून कौतुक केलं. निकाल 4-3.

व्हिएन्नात हेल्डेनप्लाट्झ चौकात लाउडस्पीकर लावले होते आणि थंडीत उभी असलेली गर्दी विली श्मीगर यांचं धावतं समालोचन रेडिओवरून ऐकत होती. संघ घरी परतला तो विजेत्यासारखाच. इंग्लंडचा तो घरचा विक्रम पुढे 1953 पर्यंत टिकला. माझ्या मते वुंडरटीमचा सर्वोच्च क्षण हाच, जिंकलेल्या कुठल्याही सामन्यापेक्षा.

1934 चा विश्वचषक त्यांनी का जिंकला नाही?

संघ उतरणीला लागला होता आणि नशिबानेही साथ दिली नाही. ट्यूरिनला फ्रान्सविरुद्ध जादा वेळेत 3-2 असं निभावलं, सिंडेलारचा एक गोल. बोलोन्याला हंगेरीवर 2-1, पण तो सामना फुटबॉलपेक्षा हाणामारीचाच जास्त झाला. मग 3 जूनला मिलानमध्ये उपांत्य फेरी, समोर यजमान इटली. पावसाने मैदानाचा चिखल झालेला. छोट्या पासवर जगणाऱ्या संघाला याहून वाईट काय असणार! लुइस मोंती या दांडग्या सेंटर हाफने सिंडेलारला हलू दिलं नाही. ग्वाइताने 19व्या मिनिटाला केलेला एकमेव गोल पुरेसा ठरला. त्या गोलाच्या वेळी गोलरक्षकाला ढकललं होतं, ही ऑस्ट्रियाची तक्रार आजही ऐकू येते. तिसऱ्या जागेच्या सामन्यात जर्मनीने त्यांना 3-2 असं हरवलं. त्यात सिंडेलार नव्हता.

ऑस्ट्रिया 1938 च्या विश्वचषकाला पात्र ठरला होता ना? आणि यात लाटव्हिया कुठून आलं?

हा प्रश्न विचारणारे थोडे असतात, पण उत्तर सविस्तर द्यावंसं वाटतं, कारण यात एका छोट्या देशावर अन्याय झाला.

पात्रता फेरीत लाटव्हियाने शेजारच्या लिथुआनियाला रीगामध्ये 4-2 आणि काउनासमध्ये 5-1 असं हरवलं. त्यामुळे ऑस्ट्रियाशी एकच निर्णायक सामना ठरला: 5 ऑक्टोबर 1937, व्हिएन्ना. लाटव्हियाचे प्रशिक्षक रूडोल्फ श्टान्झेल हे स्वतः ऑस्ट्रियन. त्यांना समोरच्यांचा खेळ अंतर्बाह्य ठाऊक. सुरुवातीलाच इल्या व्हेस्टरमान्सने गोल करून लाटव्हियाला आघाडी मिळवून दिली. पुढे कामिलो जेरुसालेम आणि फ्रान्झ बिंडर यांनी एकेक गोल करून ऑस्ट्रियाला 2-1 असं तारलं. जेरुसालेम हा सिंडेलारचा क्लबमधला जोडीदार. 1936 चा मित्रोपा कप जिंकून देणारा गोलही त्याचाच.

मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. फ्रान्समधल्या स्पर्धेच्या सोडतीत ऑस्ट्रियाची गाठ स्वीडनशी पडली होती. आता तो संघच उरला नाही. मोकळी जागा इंग्लंडला देऊ केली गेली, त्यांनी नाकारली. गटात दुसऱ्या आलेल्या लाटव्हियाला मात्र कुणी विचारलंच नाही आणि स्वीडनला न खेळता पुढची फेरी मिळाली.

ही लाटव्हियाच्या त्या पिढीची एकमेव संधी होती. त्यांचा नावाजलेला फॉरवर्ड एरिक्स पेटरसन्स 1929 ते 1939 या दशकात राष्ट्रीय संघाकडून 60 हून अधिक सामने खेळला, 20 हून अधिक गोल केले. त्याचा गोलांचा विक्रम कित्येक दशकांनी, एकविसाव्या शतकात, मारिस व्हेर्पाकोव्हस्किस याने मोडला. पण 1940 मध्ये सोव्हिएत संघाने लाटव्हिया बळकावलं आणि पन्नासेक वर्षं तो राष्ट्रीय संघच अस्तित्वात नव्हता. दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही देशांचे संघ नकाशावरून पुसले गेले. सिंडेलारची आठवण जगाने ठेवली, कारण व्हिएन्नात लिहिणारे पुष्कळ होते. रीगाच्या फॉरवर्डांच्या वाट्याला ते आलं नाही.

3 एप्रिल 1938 च्या सामन्यात नक्की काय झालं?

विलीनीकरणावर शिक्कामोर्तब करणारं सार्वमत 10 एप्रिलला होतं. त्याच्या आदल्या रविवारी प्राटर स्टेडियमवर ‘जर्मन-ऑस्ट्रिया’ विरुद्ध जर्मनी असा ‘सलोख्याचा’ सामना ठेवला गेला. प्रचाराचाच भाग. निकाल 2-0. दुसऱ्या सत्रात पहिला गोल सिंडेलारचा, दुसरा कार्ल सेस्टाने दुरून मारलेल्या फ्री किकवर. इतकं निर्विवाद.

बाकीचं थरांवर थर चढत गेलेलं. बरोबरीत सोडवण्याचा आदेश होता, पहिल्या सत्रात सिंडेलारने मुद्दाम, दिसेल अशा रीतीने संधी सोडल्या, गोलानंतर नाझी अधिकाऱ्यांसमोर नाचला, वगैरे. त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत नाचाचा उल्लेख सापडत नाही. अर्थात ती वर्तमानपत्रं नाझींच्याच ताब्यात होती, त्यामुळे त्यांच्या गप्प राहण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मला विचाराल तर नाचाची गरजही नाही. 35 वर्षांचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला माणूस आपल्या देशाच्या संघातल्या शेवटच्या सामन्यात गोल करतो, एवढं पुरे आहे.

तो नाझीविरोधी होता का?

याचं एका शब्दात उत्तर देणारे दोन्ही बाजूंचे लोक घाई करतात.

एकीकडे ही नोंद आहे: जर्मन संघासाठी खेळायला तो तयार झाला नाही. प्रशिक्षक सेप हेर्बेर्गर यांनी परत परत विचारलं, त्याने वय आणि दुखणी पुढे केली. कारण वेगळं असावं असं हेर्बेर्गर यांनाही वाटत होतं. दुसरी गोष्ट क्लबमधली. अध्यक्ष डॉ. एमानुएल श्वार्त्झ ज्यू होते, त्यांना हटवलं गेलं आणि त्यांना नमस्कार करायलाही खेळाडूंना बंदी झाली. सिंडेलारने त्यांना भेटून सांगितलं की मी तुम्हाला यापुढेही नमस्कार करणार. श्वार्त्झ देश सोडून गेले, वाचले, आणि युद्धानंतर परत येऊन पुन्हा अध्यक्ष झाले. कर्णधार वॉल्टर नाउश याची पत्नी ज्यू होती. तिला सोडण्याऐवजी तो स्वित्झर्लंडला निघून गेला.

दुसरीकडे कॅफे आहे. ऑगस्ट 1938 मध्ये सिंडेलारने फावोरिटेनमधलं, लाक्सेनबुर्गर रस्त्यावरचं एक कॉफीहाउस 20,000 राइशमार्कला घेतलं. मालक लेओपोल्ड द्रिल हे ज्यू. त्यांना ते विकणं भाग होतं, कारण ज्यूंचे धंदे काढून घेण्याची मोहीमच चालू होती. सिंडेलारने इतरांपेक्षा बरा भाव दिला असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. पण खुल्या बाजारात ती जागा त्याला त्या किमतीत मिळाली नसती, आणि हा व्यवहार त्याच राजवटीच्या कायद्याने, त्याच राजवटीच्या मंजुरीने झाला. द्रिल पुढे टेरेझिनच्या छावणीत नेले गेले आणि 1943 मध्ये तिथेच मरण पावले.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच वर्षातल्या आहेत. त्याच्यावर जीव असलेल्या वाचकानेही कॅफेचं पान गाळून पुढे जाऊ नये.

मृत्यू अपघात, आत्महत्या की खून?

23 जानेवारी 1939 च्या सकाळी एका मित्राने व्हिएन्नाच्या आनागासे गल्लीतल्या घराचं दार फोडलं. आत सिंडेलार मृतावस्थेत, शेजारी त्याची मैत्रीण कामिला कास्तान्योला बेशुद्ध. शुद्धीवर न येताच तीही गेली. कारण कार्बन मोनॉक्साइड. पोलिसांनी बिघडलेल्या धुराड्यामुळे झालेला अपघात असा निष्कर्ष काढला. इमारतीतल्या धुराड्याबद्दल आधी तक्रार झालेलीही होती.

तरी शंका थांबल्या नाहीत. देश सोडून गेलेल्या व्हिएन्नाच्या लेखकांनी त्यात आत्महत्या पाहिली, आपलं शहर मेल्यावर त्याचा लाडका खेळाडू जगणार कसा, या भावनेने. खुनाचीही कुजबुज झाली. बऱ्याच वर्षांनंतर त्याच्या एका मित्राने मुलाखतीत सांगितलं की सन्मानाने अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून एका अधिकाऱ्याला पैसे देऊन ‘अपघात’ लिहून घेतलं. आत्महत्या किंवा खून झालेल्याला तो मान मिळाला नसता. पण हा दावा एका माणसाच्या आठवणीवर उभा आहे, आणि कोळशाच्या शेगड्यांच्या त्या काळात असे मृत्यू व्हिएन्नात सर्रास व्हायचे. हाताशी असलेल्या पुराव्यावर अपघातच सर्वांत पटण्याजोगा वाटतो. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. नाझी राजवटीतही एवढी गर्दी झाली.

त्याचा खेळ आज पाहता येतो का?

फारच थोडा. न्यूजरीलचे काही तुकडे आहेत, पण तेवढ्यावरून त्याची चाल कळत नाही. गोल कळतो, गोलाआधीची तीस सेकंदं कळत नाहीत, आणि त्याची करामत तर तिथेच होती. म्हणून त्याच्याबद्दल वाचताना सामन्यांची त्या-त्या दिवशीची वर्णनं जास्त उपयोगी पडतात.

व्हिएन्नाला जायचा योग आला तर काय पाहावं?

मध्यवर्ती स्मशानभूमी, अर्थात झेंट्रालफ्रीडहोफ, इथे त्याची कबर आहे. ट्रामने सहज जाता येतं. फावोरिटेनमध्ये त्याच्या नावाची गल्ली आहे, सिंडेलारगासे, आणि ऑस्ट्रिया व्हिएन्नाचं आजचं मैदानही त्याच भागात आहे. प्राटर स्टेडियमला आता एर्न्स्ट हापेल यांचं नाव आहे आणि राष्ट्रीय संघ तिथेच खेळतो. वेळ कमीच असेल तर होहे वार्टेला जा. स्कॉटलंडला पाच गोल बसले ते मैदान टेकडीच्या उतारावर अजून आहे. फर्स्ट व्हिएन्ना हा देशातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब तिथे आपले सामने खेळतो आणि गवताच्या त्या उतारावरून सगळं मैदान नजरेत येतं.